बहुधा एकाच संचातले

— आता हे मला खरंच आठवतंय की मी नंतर मनाशी रचलंय, तेच सांगता येत नाही, मॅडम, तेव्हा लिहून घेऊ नका — पण माझ्या आठवणीप्रमाणे हे तिन्ही भाले आमच्याकडे आले ते गादीच्या अभ्र्यात गुंडाळून. अभ्रा निळा होता. किंवा हिरवा. बहिणीला विचारलंत तर ती सांगेल की पांढरा होता, आणि दादा — म्हणजे मी — त्या दिवशी रजेवर होता. असं आहे माझ्या आठवणीचं. बसू का मी? या बाकावर बसतो, तुम्ही तुमचं चालू द्या, काचपेटी उघडीच राहू द्या — आज बंदचा दिवस, कुणी येत नाही. फक्त तो तिसरा टेबलाच्या कडेला ठेवलाय तो जरा आत सरकवा. पडणार नाही, मला माहीत आहे. तरी सरकवा. हां. आता मला नीट बसता येईल.

तुमचं म्हणणं मला फोनवरच कळलं होतं. सगळ्या दालनाची नवी कार्डं दुपारी छापायला जाणार, आणि माझ्या जुन्या कार्डावरचा एक शब्द तुम्हाला नकोय. ‘घोडेस्वाराचे तीन फेकभाले, इराण; बहुधा एकाच संचातले.’ तो बहुधा. एक संच असेल तर तसं सरळ लिहायचं, नसेल तर दोन इथे ठेवायचे आणि तिसरा खाली तळघरात धाडायचा. रास्त आहे. तुमच्या जागी मी असतो तर — नाही, तुमच्या जागी मी होतोच की, आणि मीच तो शब्द घातला. मला इथे सगळे बहुधासाहेब म्हणायचे. पाठीमागे. तोंडावर फक्त आमचा शिपाई म्हणायचा, त्याला वाटायचं ते आडनावच आहे. माझ्या निरोपाच्या समारंभात हारावरच्या चिठ्ठीवरसुद्धा तेच आलं, आणि खरं सांगू का, मला काही वावगं वाटलं नाही.

तुम्ही तिसऱ्याला हात लावलात तेव्हा काय जाणवलं? जड आहे, बरोबर. मागून जड. आणि बोटभर आखूड. या दोघांच्या फाळांवर सोन्याची वेल आहे, पोलादात पाण्यासारख्या लहरी आहेत, आणि हा बिचारा साधा, उघडा, लग्नात आलेल्या गरीब नातेवाइकासारखा. मग हा त्यांच्यातला कसा? हाच तुमचा मुद्दा. हाच माझ्या बहिणीचा मुद्दा होता. म्हणजे ती तसं म्हणायची — म्हणायची, एवढंच मी सांगू शकतो.

प्रेक्षक काय विचारतात माहीत आहे ना? यानं कुणी मेलं होतं का. लहानांपासून थोरांपर्यंत सगळे हेच. मी त्यांना सांगायचो, अहो, फेकलेलं हत्यार संग्रहालयात येत नाही. स्वार घोडा दौडवत आला, भाला फेकला, तो गेला — लागला तर शत्रूच्या अंगात, नाही लागला तर शत्रूच्या हातात. परत आणायला कोण जातं? तेव्हा इथे काचेत जे आहेत ते सगळे न फेकलेले. म्यानात राहून गेलेले. लोकांची फार निराशा व्हायची. एका बाईंनी तर तिकिटाबद्दल तक्रार केली होती.

अलिफला हे वाक्य आवडायचं. अलिफ म्हणजे आमचा फारसी वाचणारा — तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. फारसीतलं पहिलं अक्षर अलिफ, नुसती एक उभी रेघ असते, आणि हा तसाच, वरपासून खालपर्यंत रेघ, त्यामुळे नाव पडलं. माझा कॉलेजातला मित्र. तलवारींवरचे, ढालींवरचे लेख तो वाचायचा, मी तारखा लावायचो. बहीण खाली दुरुस्तीच्या खोलीत असायची, धातूंचं काम तिच्याकडे. गंज काढायचा पण खूण ठेवायची, हे तिचं ब्रीद. बाजारच्या कापसाच्या काड्या तिला कधी चालल्या नाहीत. बांबूच्या बारीक काड्या तासायची, त्यावर स्वतः कापूस पिळायची, घरीसुद्धा, बोलता बोलता, आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खणात चमचे कमी आणि काड्या जास्त. डावखुरी आहे ती, कापूससुद्धा उलटा, डावीकडे पिळते. तिला टेबलाच्या डाव्या टोकालाच बसवावं लागतं, नाहीतर शेजारच्याच्या ताटात कोपर. अलिफ मुद्दाम तिच्या कोपराशी बसायचा. मला हे बरेच दिवस लक्षात आलं नाही. मला वाटायचं त्याला खिडकीचा उजेड हवाय.

मग त्यांचं ठरलं. म्हणजे लग्न ठरलं. आई तेव्हा होती, आई म्हणाली, एवढे दिवस तुम्ही दोघं गंजाबद्दल बोलत होता असं मला वाटत होतं. तर बहीण म्हणाली, गंजाबद्दलच बोलत होतो. झालं. सगळं छान. फक्त अलिफला दुसऱ्या गावी, विद्यापीठात जागा मिळाली, आणि बहिणीची खोली इथे. तिच्या हातात त्या वेळी मोठं काम होतं. त्याला ती जागा पुन्हा मिळणार नव्हती. कुणी जायचं? आता साधी माणसं काय करतात — भांडतात, रडतात, कुणीतरी ऐकतं. किंवा दोघांच्या आया मध्ये पडतात. पण ही दोघं शिकलेली. ही म्हणाली, तुझ्यावर मला उपकार नकोत. तो म्हणाला, तुझा त्याग माझ्या डोक्यावर नको. तेव्हा निर्णय असा हवा की जो कुणाचाच नाही.

आणि त्या दिवसांत या भाल्यांवरून त्यांचं जुंपलेलंच होतं. अलिफ म्हणायचा, हा एकच संच आहे. तिसरा साधा आहे म्हणूनच आहे. त्याचं म्हणणं असं, की पहिला भाला दाखवायला असतो, दुसरा भीती घालायला, आणि तिसरा खरा. पहिले दोन मोहरा उडवल्यासारखे फेकायचे, सगळ्यांनी सोनं बघावं म्हणून, पण तिसरा हातात ठेवायचा, जवळ येईल त्याच्यासाठी, आणि तिथे वेलबुट्टी बघायला कुणाला सवड असते? म्हणून साधा, आखूड, मागून जड, मुठीत बसणारा. बहीण म्हणायची, छान गोष्ट आहे, मुलांना सांग. पोलाद वेगळं, हात वेगळा, कारागीर वेगळा, कुणा हौशी संग्राहकानं म्यानातला तिसरा कप्पा रिकामा दिसला म्हणून दुसराच कुठलातरी भाला खुपसलाय. तो तिला म्हणाला, तू गंजवाली, तुला सगळीकडे गंज दिसतो. ती म्हणाली, आणि तुला जिथे कोरलेलं नाही तिथेही वाचता येतं.

तर त्यांनी पैज लावली. हसू नका. अलिफचं खरं ठरलं — एकच संच — तर तिनं त्याच्या गावी जायचं. तिचं खरं ठरलं तर त्यानं ती जागा सोडून इथे राहायचं. आणि ठरवणार कोण? तर माझं पुस्तक. या दालनाची सूची मी तेव्हा लिहीतच होतो, त्यात भाल्यांचं पान यायचंच होतं. छापून आलं की झालं. छापलेल्यावर दोघांचाही फार विश्वास. मला अर्थात यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी मला सांगितलंच नाही, नाहीतर माझ्या लिहिण्यावर परिणाम झाला असता, शास्त्राला धरून नसतं ते. मला कळलं ते पुस्तक आल्यावर.

मी फार मेहनत केली, मॅडम. तिन्ही भाले दुरुस्तीच्या खोलीतून साफ होऊन, म्यानासकट माझ्याकडे आले ते माझ्या कपाटात कुलूपबंद राहिले, पुस्तक संपेपर्यंत, किल्ली माझ्या जानव्याला — म्हणजे जानवं मी घालत नाही, आईचा शब्द आहे तो, किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला. रोज बाहेर काढायचो. पट्टीच्या कडेवर आडवे ठेवून तोल बघायचो. लांबी मोजली, वजन केलं, दांड्याचं लाकूड बघितलं, फाळाचा कोन बघितला. एक दिवस वाटायचं, अलिफ म्हणतो तेच. दुसऱ्या दिवशी वाटायचं, छे, ही म्हणते तेच. माझा स्वभावच असा, दार लावलंय का हे बघायला मी जिन्यावरून परत जातो, आणि परत गेलो होतो का हे आठवेना म्हणून पुन्हा जातो. ते पान मी किती वेळा लिहिलं देव जाणे. शेवटी आपल्याला जे खात्रीनं माहीत नाही ते खात्रीनं लिहू नये, एवढंच मला कळलं. बहुधा एकाच संचातले. प्रामाणिक शब्द आहे तो. त्यात काही खोट काढता येणार नाही.

पुस्तक घरी आलं तेव्हा दोघं टेबलाशी होती. अलिफनं पान उघडलं, वाचलं, तिच्याकडे सरकवलं. तिनं वाचलं. मग ती म्हणाली, “बहुधा म्हणजे कुणाचं?” अलिफ म्हणाला, “कुणाचंच नाही.” आई म्हणाली, भात घ्या. बस. एवढंच झालं. कुणी आदळआपट केली नाही, कुणी उठून गेलं नाही, अलिफनं दुसऱ्यांदा वाढूनसुद्धा घेतलं. पुढच्या महिन्यात तो आपल्या गावी गेला, ती आपल्या खोलीत गेली. लग्न मोडलं असं कुणी कधी म्हटलं नाही. ते नुसतं — राहिलं. दुसरी आवृत्ती निघेपर्यंत थांबू, असं त्यांच्यात ठरलं म्हणे. दुसरी आवृत्ती काही निघाली नाही. पहिलीच अजून तळघरात आहे, तुम्ही पाहिली असेल, जिन्याखाली, दाराला टेकण म्हणून वापरतात.

नाही, दुसऱ्या कुणाशी केलं नाही. दोघांनीही नाही. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. पूर्वी बाहेरच्या खोलीत असायचा फोन, आता तिच्या उशाशी असतो, पण भिंत पातळ आहे. काय बोलतात? भाल्याबद्दल बोलतात. शपथेवर सांगतो. परवाच्या रविवारी ती त्याला सांगत होती की तुझ्या त्या घोडेस्वाराचा खांदा निखळला असता, आणि तो काहीतरी म्हणाला, आणि ती हसली. ऐंशीला टेकल्येत दोघं. त्याचा एक गुडघा नवा आहे, हिचे दोन्ही जुने. हिला वाटतं मी तेव्हा बाथरूममध्ये असतो.

ती माझ्याकडेच राहते, हो. आई गेल्यावर मी आणि ती. माझं लग्न — तो विषय निघाला होता एकदोनदा, पण मी म्हटलं बघू, आणि समोरच्यांना घाई होती. ती सगळं बघते घरातलं. माझ्या डोळ्यांत थेंब घालते, सकाळ-दुपार-संध्याकाळ, डाव्या हातानं, एकही थेंब बाहेर जात नाही. म्हणून मी त्या दिवशी त्यांना म्हटलं की — कुठल्या दिवशी? नाही, तो वेगळा दिवस. पैज लागली त्या दिवसाबद्दल मी काही — म्हणजे ते बोलत होते, मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतो, मला वाटतं मी मीठ मागितलं. ऐकलं नाही असं नाही, पण मीठ मागताना माणूस अर्धंच ऐकतो. तिनं मीठ दिलं. असो. हे तुमच्या कामाचं नाही.

तुमचं काम असं, की हा तिसरा बोटभर आखूड आहे, आणि म्यानाचे तिन्ही कप्पे एकाच मापाचे आहेत, म्हणून हा त्यातला नाही. बाहेरून बघितलं तर पटण्यासारखं आहे. मी सगळं मोजलं म्हणालो ना तुम्हाला — भाले मोजले. सगळ्यांनी भालेच मोजले, मी, अलिफ, तुमच्या आधीचे ते दाढीवाले, आणि आता तुम्ही. म्यान कुणी मोजलं नाही. म्हणजे बाहेरून मोजलं, आतून कोण मोजणार, आत जुनी मखमल आहे, हात लावला तर भुगा, आणि जुन्या मखमलीत काही खुपसू नये हा पहिला नियम, तो आपल्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. आत फक्त साफ करणाराच जातो.

ही घ्या. घ्या हो, काडी आहे, बांबूची आहे, घरून आणली, आमच्या चमच्यांच्या खणातली. नियम मला माहीत आहे, मीच तुमच्या आधीच्यांना शिकवलाय. हळूच पहिल्या कप्प्यात सोडा. ढकलू नका, सोडा. गेली? बोट ठेवा तिथे तोंडाशी, आणि काढा. आता दुसऱ्यात. तेवढीच. आता तिसऱ्यात.

थांबली ना?

बोटभर अलीकडे थांबली. तळाशी लाकडाचा ठोकळा बसवलाय, त्याच मखमलीनं मढवलेला, त्याच शिवणीत. म्यान करणाऱ्यानंच बसवलाय. बाहेरून तिन्ही सारखे दिसावेत, आणि आत आखूड भाला खुळखुळू नये म्हणून. ज्यानं म्यान केलं त्याला माहीत होतं की तिसरा आखूड येणार आहे. अलिफचं बरोबर होतं. एकच संच. मला हे कधी कळलं? निवृत्त होताना, कपाट रिकामं करून देताना; भाले काचपेटीत गेले तरी म्यान तिथेच कुलपात राहिलं होतं. म्यान हातात होतं, काडी खिशात होती, तिच्या काड्या माझ्या सगळ्या खिशांत असतात, धोब्याची तक्रार आहे. सोडून बघितली.

मग तेव्हाच कार्ड का नाही बदललं, असंच तुमच्या चेहऱ्यावर आहे. बदलणार होतो. एका शोधनिबंधात सविस्तर मांडावं असं डोक्यात होतं. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि थेंब सुरू झाले, दिवसातून तीनदा, आणि ते स्वतःचे स्वतःला — माणूस आरशात बघून घालायला जातो आणि पापणी आपोआप मिटते. आज सकाळी मी स्वतः घालून बघितले. ती आंघोळीला गेली होती तेव्हा. पहिला कानात गेला. दुसरा गालावर. तिसरा गेला, मॅडम. बहुधा गेला. जमेल.

नवी कार्डं लागली की ती वाचायला येते, तुम्ही तिला पाहिलं असेल, भिंग घेऊन, एकेक कार्ड, चुका काढत. या कार्डापाशीही येईल. वाचेल. एकच संच. छापलेलं असेल, आणि त्यात तो शब्द नसेल. मग तिला पैज हरल्यासारखं वाटेल, आणि ती शब्दाची पक्की आहे. त्याच्या गावची गाडी सकाळची असते, गुडघ्यांना बरी, पायऱ्या कमी. मी चौकशी केली आहे. नुसती चौकशी.

काय म्हणालात — तिची चूक झाली, एवढी धातूतली जाणकार बाई आणि चुकीच्या बाजूला पैज लावली? तिची चूक. तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे, मलाही तसंच वाटत होतं, कितीतरी वर्षं, मी तर तिची थोडी चेष्टाही करायचो, की तू एकदाच चुकलीस आणि तेही लग्नात. ती आपली काड्यांवर कापूस पिळत राहायची.

पैज लागली ती संच साफ होऊन माझ्याकडे आल्यानंतर. हे मला आठवतं, यात शंका नाही, कारण कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात होती आणि मीठ मागायला वाकलो तेव्हा ती ताटात पडली. तेव्हापासून कुणी म्यानाला हात लावलेला नाही, ना तिनं, ना आणखी कुणी. आणि निवृत्तीच्या वेळी मी काडी बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला दुसराच कापूस चिकटून आला, जुना, पिवळा पडलेला, त्या ठोकळ्यापाशी अडकून राहिलेला. दुरुस्तीच्या खोलीत तेव्हा तिच्या हाताखाली दोघी-तिघी होत्या, कुणाचाही असेल, असं मी म्हटलं. ते मी बराच काळ म्हणत राहिलो.

आता तुम्ही जा. छापखान्याचा माणूस खाली खोळंबलाय, मी येताना पाहिला, चिडका दिसतो. तो शब्द काढा, आणि तिसरा परत त्याच्या कप्प्यात ठेवा, तळघरात नको. नाही, मी बसतो इथेच, माझी छत्री आहे, मला वाट माहीत आहे. जा म्हटलं ना. आणि ती काडी मला परत द्या, खणात ठेवायला हवी. तो जुना कापूस मी घरी नेला होता. गेल्या वर्षी, हिंमत करून, तिचंच भिंग घेऊन बघितला. डावीकडे पिळलेला होता.